भिजवलेल्या तणसात वालाच्या दाण्यासारखं काहीतरी फिरून राहिलं आहे, हे पॅरामीशियम आहे का?

रेणूचे बाबा, मानेवाडा

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सचा माणूस, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. म्हणून इथे विचारतो.

मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पाण्याच्या थेंबातले जीव हा विषय घेतला. बर्डीवरून एक जुना विद्यार्थी मायक्रोस्कोप घेऊन दिला. खालची भिंगं दहा आणि चाळीसची, डोळ्याजवळचं दहाचं. म्हणजे १०० पट आणि ४०० पट मोठं दिसतं.

शाळेत सांगितलं होतं की सुकं गवत पाण्यात भिजवून ठेवा, आठवड्याभरात पॅरामीशियम, म्हणजे एकाच पेशीचा एक बारीक जीव, येतं. घरी तणस, म्हणजे धानाचा सुका पेंढा, होतं. रेणूच्या मामाने मे महिन्यात उमरेडहून आंबे पिकवायला पोतंभर आणलं होतं, उरलेलं माळ्यावर पडून होतं. तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मूठभर तणस कात्रीने कापून काचेच्या बरणीत टाकलं. पाणी नळाचंच, पण आधी खळखळ उकळून रात्रभर गार केलेलं. बरणीच्या तोंडाला मलमलचा कपडा बांधला. हे सगळं तिने वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने थेंब पाहिला आणि मला हाक मारली. काचपट्टीवर शेकडो बारीक जीव गरगरत होते. सरळ पोहत नाहीत, कोलांट्या खात, थरथरत जातात. एका बाजूला खाच, दुसरी बाजू फुगीर, अगदी वालाच्या दाण्यासारखे. पाचव्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट दिसली. एका गोल, काचेसारख्या पिशवीत चार जीव एकमेकांना चिकटून हळूहळू फिरत होते. ते चित्र तिने काढलं आहे.

शाळेत दाखवलं तर उत्तर आलं की हे पॅरामीशियमच आहे, पुस्तकातली आकृती काढून नावं दे. रेणू म्हणते, पुस्तकातलं पॅरामीशियम चपलेच्या तळव्यासारखं लांबट आहे, माझं तसं नाही, मी जे पाहिलंच नाही ते कसं काढू? त्या रात्री ती जेवली नाही. पोरगी हट्टी नाही हो. २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून बुद्धिबळ खेळते, तासन् तास एका जागी बसून पाहायची सवय तिला आहे. तिने नीट पाहिलं असेल असं मला वाटतं, पण मला ते ठरवता येत नाही.

आणि आज नववा दिवस. आज थेंबात एकही फिरताना दिसला नाही. नुसते गोल गोल ठिपके. मेले का सगळे?

गप्पी आणि मोली

दादा, मी मासे पाळतो, मायक्रोस्कोपवाला नाही. फायटर माशाची पिल्लं अंड्यातून निघाली की पहिले काही दिवस त्यांच्या तोंडात मावेल असं खाणं लागतं. त्यासाठी आम्ही केळीचं साल किंवा कोबीचं पान पाण्यात कुजवतो. त्यात जे काही बारीक वळवळतं त्या सगळ्याला आमच्यात इन्फ्युसोरिया म्हणतात. पिल्लाला कोल्हापुरी चप्पल आहे की वाल, काही फरक पडत नाही. पण तुमच्या मुलीला पडतो, आणि तिचं बरोबर आहे असं मलाही वाटतं. मी बरणीत नेहमी जुन्या टाकीचं थोडं पाणी ओततो, मग लांबट आकाराचे येतात. नुसत्या नळाच्या पाण्यात ते कधी आले नाहीत.

एक मात्र सांगतो. याच जातकुळीतला एक जीव माशांना पांढरे ठिपके पाडतो, मीठ शिंपडल्यासारखे. माझी एक अख्खी टाकी त्याने नेली आहे. तेव्हा बाहेरचं पाणी माशांच्या टाकीत घालू नका.

जुनी प्रयोगशाळा

रेणूच्या बाबा, रेणू बरोबर आहे. तिला आधी जेवायला घाला आणि मग हे वाचून दाखवा.

मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते, एकतीस वर्षं. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, महालात राहते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना जिवंत पॅरामीशियम दाखवायचं असायचं आणि ते वाढवायचं काम माझं. सुरुवातीची दोन वर्षं मीही सुकं गवत भिजवलं, कारण मलाही तेच सांगण्यात आलं होतं. दोन्ही वर्षं तुमच्यासारखे वालाचे दाणेच आले. मुलं आकृतीत नावं द्यायची चपलेची आणि भिंगाखाली पाहायची वाल. मला ते फार लागायचं.

रेणूने पाहिला तो कोल्पोडा. काहून म्हणते ते तिच्याच वहीवरून सांगते. पाणी तिने उकळून घेतलं, म्हणजे पाण्यातून काही आलेलं नाही. जे आलं ते तणसातून आलं. तणस धानाच्या वावरातलं. वावर ओलं असताना मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात कोल्पोडा राहतो, बॅक्टेरिया खातो. वावर सुकायला लागलं की तो अंग आखडून गोल होतो आणि स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. कवचातला कोल्पोडा सुका राहून वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान झालं असेल, नवतपा त्याच माळ्यावर गेला. तरी तो काडीला चिकटून राहिला. पाणी मिळालं, बॅक्टेरिया वाढले, की दिवसाभरात कवचाबाहेर. म्हणून तिसऱ्याच दिवशी शेकडो दिसले.

पॅरामीशियमला हे जमत नाही. ते असं कवच करतं याचा खात्रीचा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. पाणी आटलं की ते मेलं. मग चार महिने कोरड्या पडलेल्या तणसातून ते येणार कुठून? सुक्या गवतातून पॅरामीशियम येतं हे वाक्य पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं. खरं तर जिथे ते आलं तिथे ते तळ्याच्या पाण्यातून आलेलं असतं, गवत म्हणजे फक्त बॅक्टेरियांचं जेवण.

आणि ती पिशवी. त्या चित्रासाठी मी रेणूला मनापासून शाबासकी देते. पॅरामीशियम दोन होताना मोकळं पोहत असतं, मध्ये आडवं आवळत जातं आणि तुटतं. कोल्पोडा तसं करत नाही. तो आधी पातळ आवरण करून आत बसतो, आतल्या आत दोनाचे चार होतात आणि मग बाहेर पडतात. एका पिशवीत चार, हे पाहिल्यावर मला दुसरा पुरावा नको. तरी खात्री करायची असेल तर थेंबात डोक्याचा एक केस ठेवा. केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. पॅरामीशियम असे तीनेक केस शेजारी ठेवले तेवढं लांब भरतं. तुमचा जीव एका केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून लहान भरेल. आणखी एक खूण. आतलं जास्तीचं पाणी बाहेर फेकणारी, उघडझाप करणारी पुळी असते. पॅरामीशियममध्ये दोन, दोन टोकांकडे, भोवती चांदणीसारख्या नळ्या. कोल्पोडात एकच, मागच्या टोकाला.

मेले नाहीत ते. नुसते गोल ठिपके म्हणताय ना, तेच कवचात गेलेले कोल्पोडा. खाणं संपलं म्हणून झोपले. त्या पाण्याचे दहा-बारा थेंब बशीत घ्या, सावलीत सुकू द्या, चार-पाच दिवस तशीच ठेवा, मग उकळून गार केलेलं पाणी आणि ताज्या भिजवलेल्या तणसाचं थोडं गाळलेलं पाणी घाला. हे गाळलेलं पाणीही एकदा उकळून घ्या, नाहीतर नवे कोल्पोडा त्यातूनच येतील आणि रेणूला कळणार नाही की जागे झाले ते कोणते. प्रदर्शनाला याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही.

आता पॅरामीशियम पाहिजेच असेल तर. तलावाच्या मधलं स्वच्छ पाणी आणू नका. काठावर जिथे पानं कुजून काळी झाली आहेत, थोडा वास मारतो, तिथलं बाटलीभर पाणी आणि दोन-चार कुजकी पानं आणा. बरोबर मोठं माणूस पाहिजे, आल्यावर हात साबणाने धुवायचे. बाटली अर्धी भरा, झाकण सैल, उन्हात नाही. पाच-सहा दिवसांनी वर साय धरते. त्या सायीच्या अगदी खालून, काचेला लागून ड्रॉपरने थेंब घ्या. बाटलीमागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारला तर पांढरे बारीक ठिपके हलताना डोळ्यांनीसुद्धा दिसतात. मग आठ-दहा गव्हाचे दाणे अर्धा लिटर पाण्यात उकळा, एक रात्र उघडं ठेवा, त्यात हे थेंब सोडा. आठवड्याभरात बाटली भरेल. महिन्याने नव्या बाटलीत लावा, नाहीतर संपतात.

माझा खरा लढा असायचा उन्हाळ्याशी. त्यांना पंचवीस-सव्वीस अंश मानवतात आणि आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर. सुटीत कॉलेज बंद, प्रयोगशाळेत पंखाही नाही. मी बाटल्या घरी आणायची. माठाखाली ओल्या वाळूचं घमेलं असायचं, त्या वाळूत बाटल्या गळ्यापर्यंत पुरून ठेवायची आणि वर ओलं पोतं. अकरा वर्षं एकच वाण मी असं जगवलं. एका वर्षी लग्नाला गावी गेले, तीन दिवसांनी परत आले तर वाळू खडखडीत आणि तिन्ही बाटल्यांत काही शिल्लक नाही. त्या दिवशी मी रडले होते, ते कोणाला सांगितलं नाही.

पॅरामीशियम फार पळतं. सेकंदाला एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या भिंगातलं गोल ते दोनेक सेकंदांत पार करतं. त्याला थांबवायला वैदर्भी उपाय आहे, कापूस. सरकी काढलेल्या रुईचे चार तंतू अगदी विरळ पिंजून थेंबात ठेवा, वरून कव्हरस्लिप. ते तंतूंच्या कुंपणात अडकतं आणि तिथल्या तिथे चाचपडत राहतं. मग उजेडाची झडप थोडी बंद करा. कडेला झिलमिल दिसेल. तेच ते केस, ज्यांना पुस्तकात पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे त्याचाही अर्थ पापणीच.

रेणूचे बाबा, मानेवाडा

काकू, वाचून दाखवलं. दोनदा. पिशवीबद्दलचं तिने मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. केस ठेवून पाहायला आज फिरणारे नाहीत, पण ठिपके केसाच्या जाडीच्या निम्मे भरले. बशी सुकायला ठेवली आहे.

तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहितो. "त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, एकच पेशी आहे. मग समोर काडी आली हे त्याला कसं कळतं आणि ते मागे कसं येतं?"

जुनी प्रयोगशाळा

बेटा, हा प्रश्न माणसांनी शंभराहून जास्त वर्षं विचारला आहे.

आधी केस कसे चालतात ते पाहू. पॅरामीशियमच्या अंगावर असे हजारो केस असतात. एकेक दहा मायक्रॉन लांब, जाडी पाव मायक्रॉन. तुझ्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीनशे आडवे मावतील. एक केस ताठ होऊन जोरात मागे फटका मारतो, मग वाकून अंगालगत हळूच पुढे येतो. सेकंदाला दहा-वीस वेळा. सगळे एकदम मारत नाहीत, शेजारच्यापेक्षा प्रत्येक जण किंचित मागे. म्हणून गव्हाच्या वावरात वाऱ्याने लाट जाते तशी लाट अंगावरून जाताना दिसते. केस किंचित तिरपे मारतात, त्यामुळे ते सरळ न जाता मळसूत्रासारखं फिरत जातं.

आता काडी. पेशीच्या पुढच्या टोकाला धक्का बसला की तिथल्या कातडीतले दरवाजे उघडतात आणि बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम आत आलं की केसांचा फटका उलटा होतो. गाडी रिव्हर्समध्ये. थोड्या वेळात पेशी ते कॅल्शियम बाहेर फेकते, केस पुन्हा सरळ मारू लागतात, तेवढ्यात तोंड थोडं वळलेलं असतं, आणि ते नव्या दिशेने निघतं. पुन्हा अडलं, पुन्हा मागे, पुन्हा थोडं वळून पुढे. असं करत करत ते कापसाच्या कुंपणातून वाट काढतं. मागून धक्का बसला तर उलट घडतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि केस आणखी जोरात पुढे मारतात.

तू बुद्धिबळ खेळतेस म्हणून हे खास तुझ्यासाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिंग कुंग नावाच्या शास्त्रज्ञाने अशी पॅरामीशियम वेगळी काढली ज्यांना मागे येताच येत नाही. त्यांचे ते कॅल्शियमचे दरवाजे बिघडलेले होते. त्यांना नाव दिलं प्यादं, कारण प्यादं मागे फिरत नाही. एका पेशीतला एक दरवाजा बिघडला तर वागणं कसं बदलतं, हे त्यातून समजलं. आपल्या मेंदूतल्या पेशीही अशाच दरवाज्यांमधून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, आत-बाहेर करून निरोप पोचवतात.

आणखी एक सांगते. त्या केसाचा आडवा छेद घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला तर मधे दोन बारीक नळ्या आणि भोवती नऊ जोड्या दिसतात. जोड्यांना डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात असतात, ते शेजारच्या जोडीला ओढतात आणि केस वाकतो. तुझ्या श्वासनळीत जे केस धूळ आणि शेंबूड वर ढकलतात, त्यांचा छेदही असाच, मधे दोन, भोवती नऊ जोड्या. सरांनी तो फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी हातातलं काम ठेवून बराच वेळ पाहत उभी राहिले होते.

१६७६ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्टमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने मिरी तिखट का लागते हे शोधायला ती पाण्यात भिजत घातली आणि त्या पाण्यात त्याला जिवंत, हलणारे बारीक जीव दिसले. तोही प्राध्यापक नव्हता. त्याने जे दिसलं ते लिहून पाठवलं. तूही तुझी वही तशीच ठेव.

गोठा ते दवाखाना

पोळा नुकताच झाला म्हणून लिहून राहिलो. मी जनावरांचा डॉक्टर. ज्या बैलाला आपण सजवतो त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, हेच पक्ष्माभिकावाले जीव राहतात, आणि एका मिलिलिटर रसात लाखांच्या घरात. १८४३ मध्ये फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफोंड यांनी ते पहिल्यांदा वर्णन केले.

आजारी गाय आली, चारा सोडला, पोट चालत नाही, की मी नळी घालून थोडा रस काढतो आणि कोमट काचपट्टीवर पाहतो. निरोगी जनावराचा थेंब नुसता उकळल्यासारखा हलत असतो. काही अंगभर केसांचे, काही अंड्यासारखे आणि केसांचा झुबका फक्त तोंडाशी. थेंब स्तब्ध असेल तर मला कळतं की आत काहीतरी बिनसलं आहे. थर्मासमध्ये रस आणला नाही तर मात्र फसगत होते. त्यांना गारवा आणि हवा सोसत नाही, लवकर मरतात.

रेणूला हे सांगा. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या पोटात यातला एकही नसतो. आई चाटते, तोंडाला तोंड लागतं, रवंथाची लाळ लागते, त्यातून ते वासराला मिळतात. वासराला जन्मापासून अगदी वेगळं ठेवलं तर त्याच्या पोटात ते येतच नाहीत. माळ्यावरच्या तणसाला चिकटून चार महिने काढणारा कोल्पोडा एकीकडे, आणि आईच्या जिभेवरून वासराच्या तोंडात जाणारे हे दुसरीकडे.

एरेशन टँक

बेसा रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प मी चालवतो. रोज सकाळी टाकीतला एक थेंब भिंगाखाली पाहणं हे माझं काम. मला पाहिजे असते व्होर्टिसेला. उलटी घंटा, खाली बारीक देठ, देठ गाळाच्या गोळ्याला चिकटलेला. घंटेच्या काठावरचे केस भोवरा तयार करून सुटे बॅक्टेरिया तोंडात ओढतात. ती भरपूर दिसली की पाणी नितळ निघणार हे मला रिपोर्ट यायच्या आधी कळतं. टेबलाला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो, डोळ्याला ते होताना दिसतही नाही, गुंडाळलेलाच दिसतो. काही मिलिसेकंदांचा खेळ.

मागच्या वर्षी टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद राहिला, कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी थेंबात नुसते देठ. घंटा देठ सोडून, मागच्या बाजूला केसांचं नवं कडं काढून पोहत सुटल्या होत्या, हवेच्या शोधात. मीटर पाहायच्या आधी मी धावत जाऊन ब्लोअर सुरू केला.

जुनी प्रयोगशाळा

डॉक्टरसाहेब, वासराचं मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं या जीवांबरोबर काढली आणि हे आज कळलं. मनापासून आभार.

रेणू, तळ्याच्या बाटलीत व्होर्टिसेला नक्की सापडेल, पानाच्या कडेला शोध. डिडिनियम म्हणून एक पिंपासारखा जीव आहे, तो आपल्याहून मोठं पॅरामीशियम अख्खं गिळतो, तोही कधी दिसतो. आणि एक आहे स्टेंटर, कर्ण्यासारखा, निळसर, पूर्ण ताणला की मिलिमीटर-दोन मिलिमीटर, म्हणजे एकच पेशी पण डोळ्यांनी दिसणारी. त्याचे तुकडे केले तरी बहुतेक तुकड्यातून पूर्ण कर्णा उभा राहतो. मी नोकरीत तो फक्त दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मुलांना दाखवायला म्हणून झाकून ठेवला आणि सफाईत कोणीतरी ती बाटली रिकामी केली.

रेणूचे बाबा, मानेवाडा

सोळा दिवसांनी लिहितो आहे, माफ करा. तिमाही परीक्षा होती.

बशी पाच दिवस कोरडी ठेवली होती. तळाला नुसता तपकिरी डाग. शुक्रवारी सकाळी साडेसातला रेणूने तुम्ही सांगितलं तसं पाणी घातलं आणि शाळेत गेली. त्या संध्याकाळी काही नव्हतं. शनिवारी सकाळी दात घासायच्या आधी तिने पाहिलं आणि ओरडली. वाल परत फिरत होते. केस ठेवून मोजले, जाडीपेक्षा किंचित कमी भरले. मागच्या टोकाला एकच पुळी, उघडझाप मोजली, तिने वेळ लिहिली आहे.

सक्करदरा तलावावर मी आणि ती गेलो होतो. बाटलीत सहाव्या दिवशी पॅरामीशियम आलं. कापूस घरच्या वातीचा वापरला. ते तंतूला धडकतं, मागे येतं, वळतं, पुन्हा जातं. आम्ही दोघं आळीपाळीने एक तास पाहत होतो, तिची आई शेवटी जेवायला बोलवायला आली आणि तीही बसली.

प्रदर्शनात तिने दोन बरण्या ठेवल्या, दोन चित्रं, दोन्ही स्वतः पाहून काढलेली. शाळेच्या मॅडम भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी आठवीच्या वर्गाला रांगेत बोलावलं.

आता खरं लिहायचं ते हे. काल रात्री तलावाच्या त्याच बाटलीत, आतून काचेला चिकटलेलं, कोथिंबिरीच्या देठाएवढंही नाही असं काहीतरी रेणूला साध्या डोळ्यांनी दिसलं. भिंगाखाली घेतलं तर कर्णा. रुंद तोंडाच्या काठावर केस फिरून राहिले होते. रंग फिका निळा, थोडा हिरव्याकडे. धक्का लागला की आखडून गोळा होतो आणि मग सावकाश पुन्हा लांब होतो. चार आहेत. काकू, हे तेच आहे का?

जुनी प्रयोगशाळा

तेच आहे.

बाटली जिथे आहे तिथेच राहू द्या, हलवू नका, धुवायला घेऊ नका, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. वर चिठ्ठी लावा. झाकण सैल. उन्हाची तिरीप येत असेल तर आडवं पुठ्ठ्याचं तुकडं उभं करा.

पत्ता इथे लिहू नका, मला निरोपात पाठवा. रविवारी सकाळी मी येऊ का? माझी स्वतःची काचपट्टी घेऊन येते, मधे खड्डा असलेली. त्यात तो दबत नाही.